गंगेचा कुठला काठ?

ऋषिकेश, ऑक्टोबर. रात्री.

खोली ठरली एकदाची. स्वर्गाश्रमात, एका आश्रमाच्या तळमजल्यावर. खिडकीतून गंगा दिसत नाही. पाण्याची टाकी आणि वाळत घातलेली भगवी वस्त्रं दिसतात. धाकटा अजून धुसफुसतोय.

घरी बसून फोनवर हॉटेलं बघताना ऋषिकेश म्हणजे एकच गाव वाटतं. प्रत्यक्षात त्रिवेणी घाट आणि बाजार देहरादून जिल्ह्यात, मुनी की रेती आणि तपोवन टिहरीत, तर पलीकडचा स्वर्गाश्रम पौडी गढवालात. जिल्ह्यांशी आपल्याला काय करायचंय म्हणा, पण मधे गंगा आहे. राम झुला काय किंवा 2020 मध्ये सुरू झालेला जानकी सेतू काय, दोन्हींवरून चारचाकी जात नाही. म्हणजे आधी काठ ठरवायचा, मग हॉटेल. आम्ही नेमकं याच्या उलट चाललो होतो. जाहिराती तर अजून ‘लक्ष्मण झुल्यापासून दोन मिनिटं’ म्हणतात. तो जुना पूल 2019 मध्येच धोकादायक ठरला, हे त्यात कुठून असणार!

धाकट्याला तपोवन हवं होतं. तिथे कॅफे, योगाचे क्लास, राफ्टिंगवाले, सगळं हाताशी. त्याने निवडलेली खोली खरंच झकास होती. गॅलरीखाली हिरवंगार पाणी आणि शिवपुरीकडून ओरडत येणारे राफ्टवाले. पण तपोवन उतारावर वसलंय. मोठ्या रस्त्यावरून खाली हॉटेलपर्यंत नुसत्या पायऱ्या, त्याही कमीजास्त उंचीच्या. आई कठड्याला धरून एक पाय खाली टाकायची, दुसरा त्याच पायरीवर आणून ठेवायची आणि थांबायची. मधेच आम्हाला कळू नये म्हणून एखाद्या दुकानातल्या रुद्राक्षांचा भाव विचारायची. लिफ्टबद्दल विचारलं तर “कल ठीक हो जाएगी जी.” मी बॅग पुन्हा उचलली.

माझं मत त्रिवेणी घाटाच्या बाजूचं होतं. रिक्षा मिळते, औषधांची दुकानं जवळ, संध्याकाळची आरती आहेच. पण बाजारातले हॉर्न ऐकून आई म्हणाली, “हे आपल्या स्वारगेटला काय कमी आहे?” तिला पहाटे जपमाळ घेऊन पाण्याजवळ बसायचंय, बाकी काही नको. मग स्वर्गाश्रमच. झुल्यावरून माणसांच्या, स्कूटरच्या आणि माकडांच्या गर्दीत तिला चालवत न्यायची माझी छाती नव्हती. गंगेवरच्या बॅरेजवरून, म्हणजे बंधाऱ्यावरून, जंगलाच्या कडेने वळसा घालून गाडी आणली. भाडं जास्त पडलं, पडू दे.

खोली साधीच आहे. गरम पाणी ठरावीक वेळेलाच, जेवणात कांदा-लसूण नाही, रात्री फाटक बंद. पण घाट सपाट गल्लीने गाठता येतो आणि परमार्थ निकेतन आश्रमाच्या आरतीला आई काठी टेकत आपली आपण जाऊन आली. नदी खिडकीतून दिसत नाही म्हणून मी जरा हळहळले, तर म्हणते, “खिडकीतून बघायला ती काय टीव्ही आहे? जाऊन बसू की.”

धाकटा उद्या तपोवनातल्या हॉस्टेलवर मुक्काम हलवतोय. जेवायला मात्र झुला ओलांडून इकडेच येणार म्हणतो. फाटक बंद व्हायच्या आत ये, एवढंच त्याला बजावलंय.