तुम्ही विचारलंत म्हणून: भाडेकरूच्या मागचा स्टुडिओ

"पुढचं घर भाड्याने देतोय, मागच्या अंगणात रेकॉर्डिंगची खोली काढतोय. भिंतींना फोम लावला की आवाज अडेल ना?" बडोद्यात हे इतक्यांनी विचारलंय की एकदा लिहूनच टाकते.

नाही अडणार. फोम काय, अंड्यांचे ट्रे काय, खोलीच्या आतला घुमारा कमी करतात, तोही चढ्या स्वरांचा. 100 हर्ट्झच्या, म्हणजे खर्जातल्या स्वराची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, दोन इंच फोमला ती जुमानत नाही. आवाज अडतो तो वजनाने आणि फटी बुजवून.

वजनाचं सोपं आहे. वर आरसीसी स्लॅब (पत्रा घातलात तर पावसाळाभर रेकॉर्डिंग विसरा), बाजूंना नऊ इंची विटांची प्लास्टर केलेली भिंत. आत जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची) सुटी चौकट, बाहेरच्या भिंतीला कुठेही न टेकणारी. तिच्यात 50 मिलिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंची गादी), वर 12.5 मिलिमीटर जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांध्यावर सांधा न येता. लाकडी चौकट नको, वाळवी लागते.

इथवर सगळे हौसेने खर्च करतात आणि दाराशी हात आखडता घेतात. भिंतीचा फक्त एक टक्का भाग उघडा राहिला, तरी ती जेमतेम 20 डेसिबल अडवते, मग ती नऊ इंची असो की अठरा. म्हणून दार भरीव हवं, पोकळ फ्लश डोअर नको. शक्यतो एकामागे एक दोन, तिन्ही बाजूंना रबरी पट्टी, खाली उंबरा. रात्री आत दिवा लावून बाहेर अंधारात उभे राहा: जिथून उजेड दिसतो, तिथून तबलाही ऐकू जाणार. एसीवाला पाइपसाठी भोक पाडतो आणि टेप गुंडाळून निघून जातो. ते भोक दोन्ही बाजूंनी न वाळणाऱ्या सीलंटने भरून घ्या. प्लॉट काळ्या मातीवर असेल तर पाया नीट घ्या. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीला गेलेला तडा म्हणजे पुन्हा फटच.

सगळं बुजवलंत की आत जीव गुदमरतो. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. त्यासाठी हवा जाईल पण आवाज जिरेल अशी प्लायची पेटी करा, आतून ग्लासवूल (काचतंतूंची गादी), हवेला निदान दोन काटकोनी वळणं, पेटी रुंद आणि पंखा संथ. अशा दोन पेट्या: एक हवा आत यायला, एक बाहेर जायला. दुसरीचं तोंड भाडेकरूच्या खिडकीकडे नको, हे सांगावं लागतं!

एवढं करून डग्गा थांबेल? पूर्ण नाही. नियमाप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल; पण शांत खोलीत त्याहून कितीतरी हळू घुमही डोक्यात जाते. स्टुडिओ करायचा तर भाडेकरू ठेवूच नये, असं मी पूर्वी ठामपणे सांगायची. पण हप्ता त्या भाड्यातूनच जातो, हेही खोटं नाही. नक्की काय ते मलाही ठरवता येत नाही.

वाजवायच्या वेळा अकरा महिन्यांच्या करारात लिहा. आणि सहीआधी, रात्री, त्यांना त्यांच्या झोपायच्या खोलीत उभं करून इकडे कुणाला तरी डग्गा वाजवायला बसवा.