लॉकहार्टचा धूर आणि अंबाडीचं सरबत

भाचीने विमानतळावरच सुनावलं, "मावशी, टेक्सासात येऊन ब्रिस्केट खाणार नसशील, तर कोल्हापूरला जाऊन तांबडा-पांढरा न पिता परत आल्यासारखं होईल." म्हटलं, होऊ दे. आमच्या घरात मटण, कोंबडी, मासे सगळं चालतं, बीफ चालत नाही, आणि ब्रिस्केट म्हणजे बीफच. त्यावर वाद घालायला मी सोलापूरहून ऑस्टिनला आले नव्हते. खायला मात्र आले होते, आणि तेही रस्त्याकडेचं, कागदावरचं, उभ्याने खायचं.

पहिल्या शनिवारी लॉकहार्ट गाठलं. ऑस्टिनच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर असलेलं हे छोटं गाव. मधोमध १८९४ चं देखणं न्यायालय, भोवती जुन्या दुकानांचा चौक. टेक्सासच्या विधिमंडळाने या गावाला राज्याची बार्बेक्यू राजधानी असा रीतसर किताब दिलेला आहे. गाडीतून उतरले तेव्हा ऊन सोलापूरच्या तोडीचं होतं, त्यामुळे परकं काहीच वाटलं नाही.

मग स्मिटीज मार्केट नावाच्या बार्बेक्यूच्या दुकानात मागच्या दाराने शिरले आणि दोन पावलं मागे सरले. काळोखी वाट, काजळीने माखलेल्या भिंती, आणि पायाशी, अगदी जमिनीवर, ओकची लाकडं भडाभडा जळताहेत. बाहेर ३९ अंश, आत हे! लोक निवांतपणे त्या जाळाला लागूनच रांगेत उभे होते. मी साडीऐवजी सलवार-कमीज घातल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटली आणि ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळली.

थोडा वेळ बघत राहिल्यावर त्यातली गंमत कळली. मांस जाळावर नसतंच. विटांची लांबलचक भट्टी, तिच्या तोंडाशी बाहेर जाळ, पलीकडच्या टोकाला धुराडं. धुराडं ओढ घेतं, तशी धग आणि धूर मांसावरून सरपटत जातात. आमची आजी भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या कडेला उभी करायची, तसाच प्रकार. फरक इतकाच की इथे भाकरीच्या जागी पाच-सहा किलोचा तुकडा असतो. ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचं मांस, चिवट आणि म्हणून एकेकाळी स्वस्त. मंद धगीवर त्याला दहा-बारा तास सहज लागतात. मसाला काय, तर मीठ आणि जाडसर मिरी. सोलापुरी काळ्या मसाल्यावर वाढलेल्या बाईला हे ऐकून आधी कीव आली.

हा प्रकार मुळात हॉटेलवाल्यांचा नाहीच, खाटकांचा. एकोणिसाव्या शतकात जर्मनी आणि बोहेमियाकडून (आजच्या चेक प्रदेशातून) इथे आलेले खाटीक उरलेलं मांस खराब होऊ नये म्हणून धुरावत, बारीकसारीक तुकड्यांचे सॉसेज भरत. कापूस वेचायला आलेले मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय मजूर ते विकत घेऊन दुकानाबाहेरच, बांधून दिलेल्या कागदावर खात. म्हणून आजही ताट नाही. वजनावर मांस, खाकी कागद, सोबत पावाचे पांढरेफटक तुकडे, कांदा, लोणच्यातली काकडी.

या इमारतीत आधी क्राइट्स मार्केट होतं, १९०० सालापासूनचं. पुढे ते श्मिट कुटुंबाकडे आलं. धंदा मुलाकडे आणि वडिलांमागे इमारत मुलीकडे गेली, आणि दोघांचं भाड्यावरून फाटलं. आपल्याकडे अशा वेळी विहिरीवरून कोर्टकचेऱ्या होतात. इथे १९९९ मध्ये भावाने जुन्या भट्टीतले निखारे लोखंडी टबात भरले आणि ते रस्त्याने ओढत नव्या जागेत नेऊन तिथली भट्टी पेटवली. बहिणीने जुन्या जागेत वडिलांच्या टोपणनावाने स्मिटीज सुरू केलं. भाऊबंदकीत निखाऱ्यांची वाटणी मी पहिल्यांदाच ऐकली. क्राइट्समध्ये तर वर्षानुवर्षं काटाही नाही आणि सॉसही नाही, असा दंडक होता.

माझ्यापुढे पेच सॉसेजचा होता. विचारलं तर कळलं, बहुतेक बीफच. मग पोर्क चॉप घेतली, दोन बोटं जाड, हाडासकट. वरून कोळशासारखी काळी, आत पांढरी आणि कडेला गुलाबी रेघ. कच्ची राहिली की काय म्हणून मी ती उलटसुलट केली. भाची हसली. धुरातल्या वायूंनी मांसातलं रंगद्रव्य तसंच धरून ठेवलं की ही रेघ उमटते, पारखणारे तीच आधी शोधतात. पहिला घास खारट लागला, दुसऱ्याला मिरी जाणवली, तिसऱ्याला धूर घशात उतरला. मग पाव, कांदा, काकडी सगळं बाजूला राहिलं. मिठा-मिरीची कीव मागे घेतली. भाची समोर डोळे मिटून ब्रिस्केट खात होती, बोटांवरून चरबी ओघळत होती. तिला काही विचारायची सोय नव्हती.

ऑस्टिन शहरात हाच धंदा आता फार वर गेलाय. फ्रँकलिन बार्बेक्यू २००९ मध्ये रस्त्याकडेच्या एका ट्रेलरमधून सुरू झालं, आता त्याच्यासमोर तासन्‌तास रांग लागते. २०२४ मध्ये हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेने शहरातल्या तीन बार्बेक्यूवाल्यांना एकेक तारा दिला. आम्ही त्या रांगांना लांबूनच नमस्कार केला. सुट्टी दहाच दिवसांची होती.

उरलेले दिवस टाकोंचे, म्हणजे टॉर्टिया नावाच्या पातळ मेक्सिकन भाकरीत दुमडलेल्या सारणाचे. पूर्व ऑस्टिनमध्ये पेट्रोलपंपाशेजारी, टायरच्या दुकानापुढे, कुठेही टाकोची गाडी उभी असते. पहाटे कामावर निघालेले रंगारी, गवंडी आणि रात्रपाळी संपवून आलेल्या नर्स एकाच खिडकीपुढे उभ्या. सकाळी मिगासचा टाको: शिळ्या टॉर्टियाचे तुकडे तळून त्यावर अंडं, टोमॅटो, मिरची, चीज. मी एक घास खाल्ला आणि म्हटलं, अगं, ही तर अंडं घातलेली फोडणीची पोळी!

रात्री अल पास्तोर. उभ्या सळईवर डुकराच्या मांसाचे थर, वर अननस. त्या सळईला त्रोंपो म्हणतात, म्हणजे भोवरा. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्यांनी शावर्मा सोबत नेला, तिथे मेंढीच्या जागी डुक्कर आलं, आणि आता तो टेक्सासात सीमेपलीकडचा म्हणून खपतो. खिडकीतून प्रश्न येतो, "कोन तोदो?" सगळं घालून? सगळं म्हणजे बारीक कांदा आणि कोथिंबीर. वर लिंबू पिळायचं. हे मला शिकवायची गरज पडली नाही.

टॉर्टिया मात्र शिकण्यासारखी. आमच्याकडे मक्याची भाकरी थापताना कडेने चिरते, ही दुमडली तरी तुटत नाही. गुपित चुन्यात आहे. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात, साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो. त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्वही अंगी लागतं. मका जगभर गेला, चुना मागे राहिला, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्यांना नायसिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा रोगाने गाठलं. पानाच्या डब्यातली वस्तू आपल्याला भाकरीसाठी कशी सुचली नाही, याची मला जराशी चुटपुट लागली.

शेवटच्या संध्याकाळी त्याच गाडीवर काचेच्या मोठ्या बरणीत लालबुंद सरबत दिसलं. पाटीवर नाव हमाइका. एक घोट घेतला आणि ओळख पटली: लाल अंबाडी! बोंडांचंच सरबत. गाडीवरच्या बाईंना मी मराठीतच सांगायला लागले, आमच्याकडे पाल्याची भाजी करतात म्हणून. भाची स्पॅनिशमध्ये भाषांतर करत होती. पाला उकळून पिळायचा, ठीक. डाळ, ठीक. शेंगदाणे, ठीक. वरून लसणाची चरचरीत फोडणी, हेही हातवाऱ्यांनी पोचलं. बाई खिडकीतून वाकून मन लावून ऐकत होत्या, मागे रांग वाढत होती.

"मावशी," भाची कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "कण्यांना काय सांगू?"