तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्याचा, ड्रेनेजचा एवढा त्रास आहे तर त्या गावात फ्लॅट घेतलाच कशाला?

माहेरचे विचारतात, ऑफिसातले विचारतात, परवा तर टँकरवाल्यानेपण विचारलं. घेतला कारण तेवढाच परवडत होता आणि नोकरी हिंजवडीत. डोळे झाकून नाही घेतला, पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, पास केलेला नकाशा पाहिला, बिल्डरचं पाण्याचं हमीपत्र पाहिलं. पण नकाशा पास करणारे वेगळे आणि नळाचं पाणी बघणारे वेगळे हे कुणी सांगितलं नव्हतं. गाव ग्रामपंचायतीचं, आणि सरकारी हिशोबात गावच्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी, शहरातल्याला 135. आम्ही दहाव्या मजल्यावर राहिलो तरी कागदावर गावातलेच.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला गेले. ड्रेनेज लाइन कधी टाकणार, घरपट्टी तर आम्ही वेळेवर भरतो, असं बोलत गेले आणि बोलता बोलता आवाज चढला माझा. मागून एक आजोबा म्हणाले, "ताई, मतदान कुठंय तुमचं?"

बार्शीला. आणि गावच्या मतदारयादीत नाव नसेल तर ग्रामसभेचं सभासदत्वच नाही. खाली बसले.

सभा उठल्यावर तेच आजोबा "चला जरा" म्हणाले आणि ओढ्यावर घेऊन गेले. आमच्या सोसायटीच्या भिंतीखालून पाइप निघतो, त्यातून काळपट पाणी, वर फेस, आणि तिथून वीसेक पावलांवर त्यांची विहीर. पोहरा ओढला, माझ्यापुढे धरला, मी मान मागे घेतली. "म्हशीबी तोंड लावत नाहीत," एवढंच बोलले, रागवले असते तर बरं झालं असतं. लाइटबिल फार येतं म्हणून एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, रात्री बंद ठेवायचा ठराव आमच्याच कमिटीचा, त्यावर सही माझी. हे मी त्यांना सांगितलं नाही.

आधी मीच म्हणायचे की गाव महापालिकेत घ्या, सगळं सुटेल. 2017 ला 11 गावं पुणे मनपात गेली, त्यातल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची नंतर वेगळी नगरपरिषद करावी लागली, म्हणजे महापालिकेत जाऊन सगळं सुटतंच असं नाही. तरी टँकर चुकला की मला परत महापालिकाच हवी असते, आणि मतदान बार्शीला ठेवून दहा वर्षं इथलं पाणी मागत राहिले हेही तितकंच खरं, पण म्हणून ड्रेनेज मागायचा हक्क नाही असं मी मानणार नाही, ओढा काही एकट्या आमच्या सहीने काळा झालेला नाही.

मतदारयादीतलं नाव इकडे आणायला फॉर्म 8 भरलाय. एसटीपी आता रात्रीपण चालतो, मेंटेनन्स वाढला म्हणून तिघांनी पैसे अडवलेत. आजोबांच्या विहिरीकडे मात्र अजून गेलेले नाही.