सही झाल्यानंतरचे तास

आमच्या दाजींचं अवयवदान झालं तेव्हापासून ओळखीतले लोक मला बाजूला घेऊन विचारतात, "नक्की काय काय करावं लागतं हो?" पेपरात ग्रीन कॉरिडॉरचा फोटो येतो, अँब्युलन्स आणि पुढे पोलिसांची गाडी. त्याच्या आधीचे तास कुठे छापून येत नाहीत. अवयव कामी येतात किंवा वाया जातात ते मात्र त्याच तासांत. म्हणून जे पाहिलं ते सांगतो.

गाळपाचा हंगाम होता. सोलापुरात विजापूर रोडवर रात्री उसाची ट्रॉली उभी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. दाजींची मोटारसायकल मागून घुसली, डोक्याला मार. पहिल्या दवाखान्यात "बहात्तर तास जाऊ द्या, बघू" एवढंच ऐकायला मिळालं. बहात्तर तासांत काय बघायचं ते कुणी सांगेना. मग दुसरीकडे हलवलं. तिथल्या न्यूरोसर्जननी अक्काला समोर बसवून स्कॅन दाखवला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "ताई, सूज येऊन मेंदूचा खालचा भाग दाबला गेलाय. श्वास चालतोय तो मशीनचा. तपासण्या करून खात्री करू, मग बोलू."

मेंदू कायमचा बंद पडलाय, म्हणजे माणूस ब्रेन डेड आहे, हे ठरवणाऱ्या या तपासण्या डॉक्टरांच्या मर्जीवर नसतात. अवयवदानाचा १९९४ चा कायदा आहे. चार डॉक्टरांचं पॅनल लागतं, त्यात अवयव बसवणाऱ्या टीममधला एकही चालत नाही, आणि सगळ्या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. बाहुलीवर टॉर्च, बुबुळाला कापसाचा स्पर्श, कानात बर्फाचं पाणी, घशात नळी घालून खोकला येतो का ते. शेवटी ॲप्निया टेस्ट. दुसऱ्या वेळी मी विनंती केली तेव्हा मला आत उभं राहू दिलं. व्हेंटिलेटर सोडवला, ऑक्सिजनची बारीक नळी तेवढी चालू. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत गेला की माणूस आपोआप श्वास ओढतो, ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या त्या खालच्या भागात, थोडीजरी धुगधुगी असली तरी ओढतोच. दाजींच्या छातीवर डावीकडे एक तीळ आहे, मी त्याच्यावरच नजर ठेवून होतो. भिंतीवरचा काटा पुढे सरकत होता, तीळ जागचा हलला नाही. मग रक्ताचा नमुना घेतला, कार्बन डायऑक्साइडचा आकडा साठच्या वर गेला होता, आणि मशीन परत जोडलं. कोमातला माणूस आणि ब्रेन डेड माणूस यातला फरक मला तिथे कळला. प्रत्येक घरातल्या एकाने तरी ही टेस्ट बघावी असं माझं मत आहे. निम्मे वाद तिथेच संपतील.

ब्रेन डेथच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म १० वर, चौघांच्या सह्या झाल्यावर अवयवदानाचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडम भेटायला आल्या. अवयवदानाबद्दल नातेवाइकांना विचारणं २०११ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाला बंधनकारकच आहे. पण विचारण्यातही रीत असते. त्यांनी आधी अक्काला पाणी दिलं, दाजी काय करायचे ते विचारलं, आणि मग मुद्द्यावर आल्या.

अक्काचा निर्णय झाला होता. अडलं ते बाकीच्यांचं. एक चुलते म्हणाले, "पोराची चिरफाड कशाला करता?" यावर मॅडमनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. अपघाताची केस म्हणजे एमएलसी, पोलिसांत नोंद होणारी केस, पोस्टमॉर्टेम कुणालाच चुकणार नाही. अवयव दिले काय, न दिले काय, टाके पडणारच. चुलते गप्प झाले. अक्काच्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "बाकी काय घ्यायचं ते घ्या, डोळे नको. पुढच्या जन्मी आंधळा येईल माझा बाळ." संमतीच्या फॉर्म ८ मध्ये कोणकोणते अवयव द्यायचे ते लिहायचं असतं. आम्ही डोळे वगळले. खरं तर नेत्रदान सगळ्यात सोपं, त्याला ब्रेन डेथही लागत नाही, घरी वारलेल्या माणसाचेही सहा तासांच्या आत घेता येतात. पण त्या क्षणी त्या माउलीशी हुज्जत घातली असती तर सगळंच फिसकटलं असतं, आणि तिचं मन राखलं ते बरोबरच झालं.

सही झाली की काम झालं, असं आम्हाला वाटलं. आयसीयूची खरी धावपळ तिथून सुरू झाली. मेंदू गेला की शरीराचा कारभार कुणी बघत नाही. ब्लड प्रेशर कोसळतं, अंगाचं तापमान उतरतं. दाजींची लघवीची पिशवी सारखी भरत होती, सिस्टर रिकामी करत होत्या. अक्काच्या दिरांना त्यात आशा दिसली, "किडन्या तर किती छान चालल्यात!" आयसीयूच्या डॉक्टरांनी समजावलं, ते लक्षण चांगलं नाही. पाणी धरून ठेवायला सांगणारं हार्मोन मेंदूतूनच येतं, ते थांबलं म्हणून पाणी धो धो चाललंय. असंच राहू दिलं तर रक्तातलं सोडियम चढतं आणि लिव्हर खराब होतं. म्हणून त्याच हार्मोनचं, व्हासोप्रेसिनचं, इंजेक्शन, सलाइनचा हिशेब, अंगावर गरम हवेचं ब्लँकेट, तासातासाला रक्ततपासणी. मेलेल्या माणसाची इतकी सेवा मी प्रथमच पाहिली. ज्या आयसीयूत रात्री एकच सिस्टर चार-पाच बेड बघते तिथे हे जमणं कठीण, आणि मग घरच्यांची सही असूनही अवयव हातचे जातात.

इकडे कागद पुण्याला झेडटीसीसीकडे, म्हणजे अवयव कुणाला द्यायचे ते ठरवणाऱ्या विभागीय केंद्राकडे, गेले. सोलापूर त्यांच्याच विभागात येतं. प्रतीक्षायादी त्यांच्याकडे असते, रक्तगट, नंबर, पेशंटची तब्येत बघून तेच ठरवतात. आमच्याकडे एक स्थानिक पुढारी येऊन "आपल्या ओळखीचा एक पेशंट आहे" म्हणून गेले. त्यांना मॅडमनी हात जोडून परत पाठवलं. घेणाऱ्याचं नाव आम्हाला कळत नाही, आमचं त्यांना कळत नाही.

फुप्फुसं बाद झाली, व्हेंटिलेटरवर असताना इन्फेक्शन झालं होतं. हृदयाचं गणित वेगळं. ते बाहेर काढल्यापासून चार, फार तर सहा तासांत दुसऱ्याच्या छातीत धडधडायला हवं. पुणे इथून अडीचशे किलोमीटर, ग्रीन कॉरिडॉर केला तरी तीन तासांच्या आसपास रस्त्यातच जातात, वर जोडायचा वेळ. जुळणारा पेशंटही पुण्यात नव्हता, त्याहून लांब नेणं शक्य नव्हतं. हृदय राहिलं. दाजी रोज सकाळी पार्क मैदानावर चालायचे, त्यांचं हृदय ठणठणीत होतं. ते मला अजून खुपतं. झुरिकच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये एक लिव्हर तीन दिवस यंत्रावर जिवंत ठेवून मग पेशंटला बसवलं, हे मी नंतर वाचलं. हृदयसुद्धा धडधडतं ठेवून नेणारी यंत्रं आहेत. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावातून सगळा भरवसा अजून बर्फावर.

पोलिसांचं काम मला वाटलं त्यापेक्षा लवकर झालं. हवालदारांनी तिथेच पंचनामा केला. सूर्यास्तानंतर पोस्टमॉर्टेम नाही हा जुना नियम नोव्हेंबर २०२१ मध्ये बदललाय, अवयवदानाला तर प्राधान्य आहे. तरीही फोनाफोनी करावी लागली, कारण नियम बदललेला सगळ्यांनाच माहीत नव्हता. पोस्टमॉर्टेमचे डॉक्टर थिएटरमध्येच आले.

पहाटे पुण्याची टीम बाहेर आली तेव्हा एकाच्या हातात सहलीला नेतात तसला आइसबॉक्स होता. एवढंच? मी विचारलं. त्या तरुण डॉक्टरनी दमलेले असूनही सांगितलं. अवयव थेट बर्फात ठेवला तर तो पोळतो. म्हणून आधी आतलं रक्त थंड द्रावणाने धुऊन काढतात, मग त्याच द्रावणात बुडवून पिशवी, त्यावर दुसरी पिशवी, त्यावर तिसरी, आणि बर्फ त्याच्या बाहेर. चार अंशाच्या आसपास पेशींची भूक अगदी मंदावते. पण गारठ्यात पेशी पाणी ओढून फुगतात, ते रोखायला द्रावणात खास साखरेसारखे पदार्थ असतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात तसं द्रावण निघालं तेव्हापासून लिव्हर लांबवर नेता यायला लागलं. लिव्हर आणि एक किडनी पुण्याला गेली. दुसरी किडनी सोलापुरातच.

बिलाचं विचाराल तर, सहमतीनंतरचा आयसीयूचा, ऑपरेशनचा, वाहतुकीचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही, २०१४ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. त्याआधीच्या उपचाराचं बिल आपलंच. आमच्या बिलात सहमतीनंतरची काही औषधं लागली होती, मी वेळा दाखवल्यावर काढली. वेळा लिहून ठेवा.

तेराव्याला एकाने अक्काला विचारलं, "किती मिळाले?" अक्का म्हणाली, "विकायचे असते तर आधी तुमचे विचारले असते." पंगतीत हशा पिकला, सासूबाईसुद्धा हसल्या.

२०२३ मध्ये अख्ख्या देशात मृत्यूनंतरचे दाते झाले १,०९९. एकट्या आपल्या जिल्ह्याची वस्ती चाळीस लाखांच्या वर आहे, ते धरून हा आकडा बघा.

पुढच्या महिन्यात अक्काने स्वतःचा संकल्प भरायला घेतला. नोटो या अवयवदानाच्या राष्ट्रीय संस्थेच्या वेबसाइटवर आधारने भरता येतो. तो कायद्याने घरच्यांना बांधत नाही, शेवटी सही त्यांचीच लागते, म्हणून तिने दोन्ही पोरांना शेजारी बसवूनच भरला. ओटीपी काही येईना. आधारला नंबर दाजींचा जोडलेला, आणि तो फोन अपघातात चेपला होता. मग आधार केंद्रात रांग लावून नंबर बदलला, आणि घरी येऊन तिने फॉर्म पाठवला. डोळ्यांसकट.