फुकटचं वायफाय

आज परभणीच्या बसस्टँडवर जिंतूरची एसटी डोळ्यादेखत गेली. (मीच चहाचा कप सोडेना.) मग समोरच्या हॉटेलात भाचीसोबत तासभर बसलो. डेटा संपलेला. वायफाय लावलं, तर हॉटेलच्या नावाची दोन नेटवर्क दिसली. एकाला पासवर्ड, दुसरं उघडं. फुकट आणि उघडं म्हटल्यावर आपण तेच धरणार.

बँकेची साइट उघडली तर भलामोठा इशारा आला: कनेक्शन खाजगी नाही. मी 'तरीही पुढे जा'वर बोट नेलं आणि भाची ओरडलीच, "काय करायलात मामा? थांबा की!"

तिचं म्हणणं, वायफायला नाव कुणीही काहीही देऊ शकतं. साइटच्या पत्त्यात एचटीटीपीएस असलं, म्हणजे आपली माहिती कुलूपबंद होऊन जात असली, तर वायफाय चालवणाऱ्या मधल्याला आपला पासवर्ड वाचता येत नाही. पण असा इशारा डावलला की ते कुलूप आपणच काढून दिलं. मला तर आजवर तो इशारा म्हणजे नेटची कटकट वाटायची!

गल्ल्यावर विचारलं. मालक म्हणाले, "आमचं एकच हाय ओ, पासवर्डवालं."

दुसरं कुणाचं, कुणास ठाऊक. भाचीनं ते नेटवर्क फोनमधून काढून टाकलं, आपोआप जोडणीही बंद केली आणि स्वतःचा हॉटस्पॉट दिला. बदल्यात दोन प्लेट भजी.