हेलिकॉप्टर गरगर फिरतंय? ट्रिमला आत्ताच हात लावू नका

घरात उडवायच्या छोट्या, एकावर एक दोन रोटर असलेल्या हेलिकॉप्टरची नेहमीची तक्रार म्हणजे जमीन सोडली की ते स्वतःभोवती फिरायला लागतं. बरेच जण रिमोटवरचं ट्रिम, म्हणजे एका बाजूला वळणं थोडं थोडं सावरणारं बटण, दाबत राहतात. फिरणं थांबतं, पण दुखणं आतच राहतं. आणि ट्रिम टोकाला पोचलं की पुढे दाबायला काही उरत नाही.

वरचा आणि खालचा रोटर उलट दिशांना फिरतात, त्यामुळे बॉडीला बसणारे त्यांचे पीळ एकमेकांना मारून टाकतात. प्रत्येकाला स्वतंत्र मोटर असते. एक कमी पडली की दुसरीचा पीळ वरचढ होतो. बॉडी ज्या दिशेला वळते, त्याच दिशेला फिरणारा रोटर कमजोर, हे एकदा लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं. बॅटरी उतरली तर दोन्ही मोटरी मंदावतात. मग हेलिकॉप्टर गरगरण्यापेक्षा उचलायलाच कुरकुर करतं.

पण लगेच नवी मोटर मागवू नका. आधी केस शोधा! गालिच्यावर उतरणाऱ्या हेलिकॉप्टरच्या शाफ्टभोवती (रोटर ज्यावर बसतो त्या दांड्याभोवती) केस आणि धागे हमखास गुंडाळलेले असतात, गिअरखाली तर दिसतही नाहीत. बॅटरी काढून दोन्ही रोटर बोटाने हळू फिरवून पाहा. एक जड लागला तर बारीक चिमट्याने सफाई करा. प्रत्येक फेरीत एकाच जागी अडकत असेल, तर मोठ्या गिअरचा दात गेलाय किंवा शाफ्ट वाकलाय. शाफ्ट काचेवर लोळवला की वाक लगेच कळतो. ब्लेडचे स्क्रूही बघा: ब्लेड सांध्यात सैल हलायला हवं, आवळून टाकलं की थरथर सुरू होते.

हे सगळं ठीक असेल तर दोन मिनिटं उडवून मोटरींना बोट लावा. एक जास्त तापली असेल तर तिचे ब्रश (आत करंट पोचवणारे, घासत राहणारे तुकडे) झिजल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. बदलताना जोडीच बदला. जुनी आणि नवी यांचं जमत नाही, पुन्हा तेच गरगरणं. तारा डागताना उलटसुलट झाल्या तर रोटर उलटा फिरेल. मोटरच्या दातांमध्ये आणि मोठ्या गिअरमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून स्क्रू आवळा, मग पट्टी काढा. तेवढी फट पुरते.

भिंतीला आपटणार असं दिसताच थ्रॉटल (मोटरींचा वेग ठरवणारी रिमोटवरची दांडी) शून्यावर आणा, मग पडलं तरी चालेल. अडकलेल्या मोटरला करंट चालू राहिला तर सर्किट बोर्डावरचा ट्रान्झिस्टर जळतो. बॅटरी जोडल्याजोडल्या थ्रॉटल न देता एखादी मोटर फिरायला लागली, तर बहुधा तेच झालंय. तेव्हा बॅटरी ताबडतोब काढा. मोटर निर्दोष आहे, बोर्ड बदलावा लागेल.

बॅटरीचं थोडक्यात: एक सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) भरली की 4.2 व्होल्ट, 3.3 च्या खाली नेऊ नका, ठेवून द्यायची असेल तर 3.8 च्या आसपास. 500 एमएएच क्षमतेची बॅटरी 0.5 अँपिअरने चार्ज करा. फुगलेली असेल तर चार्जरला लावायचीच नाही.