देवचाराच्या वहाणा

आमच्या गावच्या जत्रेत पहिली रात्र दशावताराची असते. नट आपले पेटारे घेऊन येतात, स्वतःची रंगरंगोटी स्वतः करतात, आणि एक बाक, पायपेटी, पखवाज व झांज एवढ्या सामग्रीवर, लिखित संहितेवाचून, पहाटेपर्यंत नाटक उभे करून दहीहंडी फोडून निघून जातात. दुसरी रात्र गावातल्या हौशी मंडळींची. त्या रात्री उघड्यावर भुताचे नाटक करण्याची कल्पना माझी होती आणि पहिल्या वर्षीच्या फजितीचा धनीही मीच होतो.

त्या वर्षी आम्ही भुताला पांढऱ्या चादरीत गुंडाळले, तोंडाला पीठ फासले आणि दिव्याला हिरवा जिलेटिन कागद लावला. ते रंगमंचावर येताच पुढे बसलेल्या एका आजींनी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारले, "रे, ह्यो खयचो? आमच्यात असलो कोण नाय!" त्यानंतर लोक जे हसू लागले ते नाटक संपेपर्यंत हसतच राहिले. आजींचे म्हणणे रास्त होते. कोकणात भूत अशी मोघम जात नसते. पाण्यातला गिऱ्हा, पिंपळावरचा मुंजा, वाट चुकवणारा चकवा, वेशीवरचा देवचार, अशी प्रत्येकाची हद्द ठरलेली आणि मानही ठरलेला. बिनपत्त्याच्या परक्या भुताला येथे कोणी भ्यावे तरी का?

म्हणून पुढच्या वर्षी भूत दाखवायचेच नाही असे ठरले. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. त्या घालून देव रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि म्हणूनच त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तेव्हा आमच्या नाटकातल्या देवचाराच्याही नुसत्या वहाणाच ऐकू याव्यात, एवढीच योजना. हातभर लांबीच्या वहाणा करवून घेतल्या आणि चांगल्या करकराव्यात म्हणून त्यांना तेलाचा थेंबही लावला नाही.

खरी अडचण निघाली ती अंधाराची. जत्रेत उजेड फुकट मिळतो, अंधार मात्र मागून घ्यावा लागतो. खाजेवाले, खेळणीवाले, चहावाले अशा प्रत्येकापुढे जाऊन पाच मिनिटे दिवे मालवण्याची विनवणी करावी लागली, आणि एका खाजेवाल्याने तर अंधारात नाहीशा होणाऱ्या मालाची हमी माझ्याकडून घेतली. (ती मला अडीच किलो खाज्याला पडली.)

वाऱ्याचा हिशेब मात्र आम्ही चुकलो होतो. रंगमंच समुद्राच्या बाजूला होता. संध्याकाळी खारे वारे वाहत असताना तालमी छान झाल्या; पण रात्री जमीन समुद्राआधी निवते आणि मतलई वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. त्यामुळे नटांचे संवाद प्रेक्षकांकडे येण्याऐवजी मासळीकडे जाऊ लागले. मागच्या रांगा कंटाळल्या, चाकरमानी मोबाइल काढून बसले, आणि मी मनातल्या मनात पुढच्या वर्षीचा राजीनामा लिहू लागलो.

तेवढ्यात दिवे गेले. दोन वाऱ्यांच्या मधली स्तब्धता केव्हाच संपली होती, माडांच्या झावळ्या सळसळत होत्या, आणि ज्या वाऱ्याला आम्ही तासभर शिव्या घातल्या त्याच वाऱ्यावरून, प्रेक्षकांच्या पाठीमागच्या पाखाडीवरून, म्हणजे चिऱ्यांच्या पायवाटेवरून, सावकाश, एकेक पाऊल टाकीत, ती करकर आली. कोणी मागे वळून पाहिले नाही. पुढच्या रांगेतल्या आजींनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि हात जोडले. एक पोर रडू लागले, त्याचे तोंड आईने दाबले. पाच मिनिटांचा अंधार आम्ही तीन मिनिटांतच आवरता घेतला, कारण दिवा लावणाऱ्याचाच धीर सुटला.

नाटकाआधी मानकऱ्यांनी देवाला रीतसर गाऱ्हाणे घातले होते, "पोरांचो खेळ असा, मनात घेव नको," असे सांगून सगळ्यांकडून "व्हय म्हाराजा" म्हणवून घेतले होते. तरीही त्या वहाणा रात्री घरी न्यायला कोणी तयार होईना. पायांत घालून चाललेला मुलगा तर त्यांना पुन्हा हातही लावेना. शेवटी आम्ही पाच जणांनी मिळून त्या वेशीवरच्या पिंपळाखाली नेऊन जोडीने, नीट मांडून ठेवल्या. यंदा लोकांना तेच नाटक पुन्हा हवे आहे, आणि मी नव्या वहाणांसाठी वर्गणी गोळा करीत हिंडतो आहे.